रोसाल : मॅकेंची रिकामी वाडी

(दृश्य : चालत्या गाडीच्या काचेतून एकेरी रस्ता, दोन्हीकडे मोकळा माळ)

सकाळी सातला इन्व्हर्नेस सोडलं. लेर्गच्या पुढे रस्ता एकेरी होतो. समोरून गाडी दिसली की कडेची जागा बघून थांबायचं, ती गेली की हात करायचा आणि निघायचं. आल्टनाहारा मागे पडलं. आता डाव्या-उजव्या हाताला मेंढ्या आहेत, पाणी आहे, आणि मैलोनमैल एकही घर नाही. हे सदरलँड. स्कॉटलंडचं उत्तर टोक.

पुढच्या सीटवर माझे सासरे आहेत. वय 78, जन्म कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा, आडनाव मॅके. आपण चाललोय त्या नेव्हर नदीच्या खोऱ्याला गेलिक बोलणारे आजही मॅकेंचा मुलूख म्हणतात.

(दृश्य : मांडीवरची फाइल, कागदाचा क्लोजअप)

हा कागद नीट बघा. याच्याशिवाय आपण इथे आलो नसतो.

घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर खापरपणजोबांचं नाव होतं आणि खाली पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या विभागाचं नाव, ‘फार’. एवढंच. आता त्या पॅरिशमध्ये निम्मे लोक मॅके, आणि नावंही तीच तीच. स्कॉटलंडमध्ये थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची पद्धत होती, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. म्हणजे चार भावांच्या घरात एकाच नावाचे चार चुलतभाऊ. शोधणार कुणाला?

सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी तिथे सुरू झाली 1 जानेवारी 1855 ला. खापरपणजोबा त्याच्या कितीतरी आधी बोटीत बसले होते. त्यांचा दाखला मिळणं शक्यच नव्हतं. दोन वर्षं आम्ही त्यांनाच शोधत राहिलो, तीच चूक होती. शोधायला हवं होतं मागे राहिलेल्या माणसाला.

मागे राहिली होती त्यांची बहीण. ती वारली 1855 च्या शरद ऋतूत. नोंदणीच्या त्या पहिल्या वर्षी मृत्यूच्या दाखल्यावर रकानेच्या रकाने होते : आईवडील, नवरा, मुलं, दफन कुठे, जन्म कुठला, या भागात किती वर्षं राहिली. इतकं लिहून लिहून कारकून थकले असावेत, कारण पुढच्याच वर्षी यातले कितीतरी रकाने कमी केले. ती बाई चार महिने जास्त जगली असती, तर हा शब्द कुणी लिहिलाच नसता.

(दृश्य : दाखल्यावर बोट. शाईतला एक शब्द)

रोसाल.

आईचं माहेरचं आडनावही याच कागदावर मिळालं. स्कॉटलंडच्या नोंदींत बाईचं माहेर पुसलं जात नाही, याचं मला मोठं अप्रूप आहे. त्या आडनावावरून बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीत भावाची नोंद सापडली. वडील तेच, आई तीच, आणि वाडीचं नाव रोसाल.

(दृश्य : जंगलातली पायवाट. झाडी संपते, हिरवी टेकडी उघडी होते)

सायर गावाजवळ गाडी लावली. पुढे लागवडीच्या जंगलातून चालत जायचं. चहूबाजूंनी झाडं आहेत, मधली ही जागा तेवढी मोकळी ठेवली आहे.

आधी काहीच दिसत नाही. गवत, उंचवटे, थोडे दगड. जरा थांबा, डोळा सरावला की गाव वर येतं. हा गोल बांध म्हणजे वाडीची हद्द, आत पीक आणि बाहेर गुरं. या समांतर वरंब्यांवर ओट आणि बार्ली पिकायची. तो खोलगट खड्डा धान्य वाळवायच्या भट्टीचा, कारण इथल्या दमट हवेत कणीस शेतात वाळत नाही. आणि या लांबट चौकटी म्हणजे घरं. पुरातत्त्वज्ञ होरेस फेअरहर्स्ट यांनी 1962 मध्ये इथे उत्खनन केलं. लहानमोठ्या मिळून सत्तरेक बांधकामांच्या खुणा इथे आहेत. साधारण तेरा कुटुंबं नांदत होती.

घर कसं होतं ते सांगते. एकच लांब खोली, उतारावर आडवी न बांधता उताराच्या दिशेने बांधलेली. वरच्या अंगाला माणसं, मधोमध चूल, खालच्या अंगाला गाई. शेणमूत खाली वाहून जावं म्हणून. भिंती दगडमातीच्या. दगड फुकट होते, माती फुकट होती. महाग होतं ते लाकूड. या उघड्या मुलखात छपराच्या कैच्या ही कुटुंबाची खरी मालमत्ता. घर बदललं तर माणसं कैच्या काढून सोबत न्यायची.

म्हणूनच कैच्या जाळल्या.

1814 ते 1818 या काळात रोसाल रिकामं केलं गेलं. जमीन सदरलँडच्या काउंटेसची, कुळांच्या हाती लेखी करार नाही. चेव्हियट जातीच्या मेंढ्या पाळणाऱ्यांकडून भाडं जास्त मिळत होतं. इस्टेटीचा कारभारी पॅट्रिक सेलर हाच मेंढ्यांसाठी जमीन घेणारा भाडेकरूही होता. लोकांनी माघारी येऊन छप्पर चढवू नये म्हणून लाकडं पेटवली जात. 1816 मध्ये इन्व्हर्नेसला सेलरवर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

सासऱ्यांच्या घरात आजवर एकच वाक्य सांगितलं जायचं : आपले लोक कॅनडाला गेले. माझा आक्षेप त्या ‘गेले’ला आहे. गेले नाहीत. काढलं त्यांना. विस्थापित हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, आणि तोच इथे लागू आहे. या घरातल्या मुलांच्या तोंडीही तोच यायला हवा.

(दृश्य : सासरे एका चौकटीत पावलं मोजत चालतात. निवेदन नाही, फक्त वारा)

(दृश्य : नदी, मग समुद्र, मग पांढरं चर्च)

नदी धरून खाली आलं की समुद्रकाठी बेटीहिल. गावाचं नावही त्या काउंटेस एलिझाबेथचंच. खोऱ्यातल्या लोकांना किनाऱ्यावरचे खडकाळ तुकडे दिले, मासे पकडा म्हणून सांगितलं. अनेक जण पुढे बोटीने कॅनडाला गेले. 1883 मध्ये कुळांची गाऱ्हाणी ऐकणारा सरकारी नेपियर आयोग याच गावात बसला, तेव्हा अँगस मॅके या शेतकऱ्याने साक्षीत सांगितलं की लहानपणी, वाडी रिकामी होताना, धाकट्या भावाला पाठीवर घेऊन त्याने नदी ओलांडली होती. 1886 च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळालं.

हे जुनं चर्च आता स्ट्रॅथनेव्हरचं, म्हणजे नेव्हरच्या याच खोऱ्याचं, संग्रहालय आहे. आतलं प्रवचनपीठ 1774 चं. घरं सोडण्याच्या सूचना पाद्रीसाहेबांनी इथूनच वाचून दाखवल्या, असं इथे सांगतात. पीठाच्या कडेचं लाकूड हातांनी गुळगुळीत झालंय. सासऱ्यांनी त्याला हात लावला नाही.

(दृश्य : चर्चमागचं दफनस्थान, उतरतं ऊन)

1855 च्या दाखल्यात दफनाची जागाही आहे : फारचं चर्चयार्ड. म्हणजे हेच. इथे हजारेक वर्षांपूर्वीची कोरीव क्रुसाची शिळा उभी आहे, तिच्यासमोर लोक फोटो काढतात. आम्ही मागच्या रांगांत शिरलो. मॅके, मॅके, मॅके. बायकोचं नाव नवऱ्याखाली, पण माहेरच्या आडनावासह. काही दगडांवर शेवाळ. काही नुसतेच दगड, रानातून आणून उभे केलेले, अक्षर एकही नाही.

बहिणीच्या नावाचा दगड सापडला नाही. संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली. सासरे पहिल्या रांगेकडे परतले आणि एकेक नाव मोठ्याने वाचू लागले. कॅमेरा चालू ठेवला आहे.