लिव्हरचा एमआरआय: बटण कधी दाबायचं?

(दृश्य: लातूर, सकाळ. एमआरआय सेंटरबाहेरचा बाक.)

निलंगा तालुक्यातले हे मामा सकाळपासून उपाशी आहेत, चहासुद्धा घेतलेला नाही. लिव्हर सिरॉसिसनं आधीच आकसलेलं, त्यात सोनोग्राफीत गाठ दिसली. ती कसली, हे सोनोग्राफीवरून ठरत नाही, म्हणून डॉक्टरांनी काँट्रास्ट एमआरआय, म्हणजे शिरेत औषध टोचून काढायचा एमआरआय, लिहून दिलाय. पिशवीत क्रिएटिनिनचा रिपोर्ट आहे. काँट्रास्ट टोचण्याआधी किडनीचं काम बघून घेतात.

“किती येळ पडून ऱ्हावं लागतंय?”

“अर्धा तास, मामा. पण मी दम धरा म्हणलं की हलायचं नाही बघा.”

हे उत्तर देणारे टेक्निशियन. मशीन आलं की फीत कापायला भरपूर मंडळी येतात. बटण कधी दाबायचं हे शिकवायला सहसा कुणी येत नाही.

(दृश्य: टेबलावर दम धरायचा सराव.)

श्वास घ्या. सोडा. आता तसंच धरा. पहिल्या खेपेला मामांचा दम लवकर सुटतो, मग पुन्हा सराव. मशीनमध्ये रेकॉर्ड केलेल्या सूचना आहेत, पण टेक्निशियन त्या बंद करून स्वतः माइकवर बोलतात. प्रत्येक खेपेला १५ ते २० सेकंद पोट हलता कामा नये. हललं तर चित्र फिसकटलं.

(दृश्य: इंजेक्टरच्या दोन सिरिंज, जवळून.)

एका सिरिंजमध्ये गॅडोलिनियमचं औषध, दुसरीत सलाईन. हे औषध किलोमागे ०.२ मिली लागतं. मामांचं वजन ५० किलो, म्हणजे १० मिली. सेकंदाला २ मिली या वेगानं ते ५ सेकंदांत संपतं आणि मागून २० मिली सलाईन त्याला पुढे ढकलतं.

आता खरी मेख. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. जवळपास ७५ टक्के पोर्टल व्हेनमधून, आतड्यांकडून फिरून. उरलेलं धमनीतून, थेट. एकाच वावराला कॅनॉलचं पाणी आणि विहिरीचं पाणी, तसं. लिव्हरच्या पेशींतून उठलेला कॅन्सर बहुतेक वेळा धमनीवर पोसतो. म्हणून औषध धमनीतून पोचलंय आणि पोर्टलचं रक्त अजून लिव्हरभर पसरायचंय, त्या थोड्या वेळात गाठ उजळून दिसते. साधारण ३५ व्या सेकंदाच्या आसपास.

साधारणच. हृदय मंद चालत असेल तर औषध उशिरा पोचतं. घड्याळ लावून ३५ मोजणारे असतात, आणि त्यांचं कधी जमतं, कधी हुकतं. हे टेक्निशियन घड्याळाकडे बघतच नाहीत.

(दृश्य: कंट्रोल रूमचा पडदा.)

पडद्यावर पोटातल्या मोठ्या धमनीचं चित्र दर सेकंदाला ताजं होतंय. काळी… काळी… आणि ही पांढरी झाली.

“सोडा… धरा दम, मामा!”

बोट बटणावर. स्कॅन सुरू.

वेळ साधली की नाही, हे लगेच चित्रावरच कळतं. धमनी पांढरी, पोर्टल व्हेनमध्ये औषध नुकतंच उतरलेलं, आणि लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या हिपॅटिक व्हेन्स अजून काळ्या. अगदी असंच हवं. पोर्टल व्हेनही काळीच असती तर घाई झाली. हिपॅटिक व्हेन्स उजळल्या असत्या तर उशीर. हुकलं तर त्याच दिवशी पुन्हा करता येत नाही, औषध अंगात भिनलेलं असतं. पुन्हा तारीख, पुन्हा गाडीभाडं.

पुढचे फेज, म्हणजे औषध पुढे सरकताना घेतलेली पुढची चित्रं, त्या मानानं सोपे. ७० सेकंदांच्या सुमारास पोर्टल फेज, मग ३ ते ५ मिनिटांनी डिलेड, म्हणजे उशिराचा. काही सेकंद इकडेतिकडे झाले तरी चालतात. साधी रक्तवाहिन्यांची गाठ असती तर कडेकडेनं ठिपके उजळून आतपर्यंत भरत गेली असती.

(दृश्य: दोन फेज शेजारीशेजारी.)

मामांची गाठ पहिल्या चित्रात सगळीच्या सगळी पांढरी. तीन मिनिटांनंतरच्या चित्रात आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळी, भोवती बारीक कडा. सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये २ सेंटिमीटरच्या वरची गाठ अशी वागली, तर सुई घालून तुकडा न काढताही रेडिओलॉजिस्ट लिव्हरच्या कॅन्सरचं निदान लिहू शकतात. मामांच्या रिपोर्टमध्ये ते लिहिलं गेलं. पुढचे उपचार डॉक्टर ठरवतील.

(दृश्य: मामा आणि त्यांचा मुलगा जिना उतरताना. निवेदन नाही.)

कंट्रोल रूममध्ये पुढचा पेशंट उदगीरचा आहे, वजन ७२ किलो. टेक्निशियन सिरिंज भरतायत: १४.४ मिली.