झाडाखालची पाटी वाचा

नमस्कार मंडळी. बोटॅनिकल गार्डनमध्ये गेलात ना, तर एक काम नक्की करा, झाडाखालची पाटी वाचा. नावाबरोबर बऱ्याचदा एक नंबर असतो, त्यावरून ते झाड कुठून, कधी आलं ते बागेच्या दप्तरात सापडतं. फिरायची बाग वेगळी, ही वेगळी. इटलीतली पादुआची बाग १५४५ सालची, ती वैद्यकी शिकणाऱ्या पोरांना औषधी झाडं ओळखता यावीत म्हणूनच काढलेली.

आता माझी आवडती गोष्ट सांगतो. मॉरिशसच्या पलीकडे रॉड्रिग्ज नावाचं बेट आहे, तिथलं कॅफे मॅरॉन हे कॉफीच्या कुळातलं झुडूप, पांढऱ्या चांदणीसारखं फूल, संपलं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं. आणि १९८० च्या सुमाराला शाळेतल्या एका मुलानं त्याची फांदी आणून सरांपुढे ठेवली! सरांनी ती "कचरा आणलास" म्हणून फेकली नाही हो, ओळख पटवायला लंडनच्या क्यू या बोटॅनिकल गार्डनला पाठवली. (पोरांनी खिशातून आणलेलं पान, बी, किडा काहीही असो, आधी बघावं, मग रागवावं, हे माझं ठाम मत आहे.) तर झाड तेच निघालं, अख्ख्या जगात एकच उरलेलं. बातमी पसरली तशी लोक औषधी म्हणून फांद्या तोडायला लागले, कुंपणावर कुंपण घालावं लागलं. १९८६ मध्ये फांद्या विमानानं क्यूला गेल्या, त्यातली एक रुजली, फुललीसुद्धा, पण बी काही धरेना. वर्षानुवर्षं नुसती फुलं. शेवटी २००३ मध्ये क्यूमध्ये काम करणाऱ्या कार्लोस मॅग्डालेना यांनी फुलातल्या कुक्षीचं, म्हणजे परागकण जिथे पडतात त्या भागाचं, टोक कापून त्यावर परागकण लावले, असं कितीतरी फुलांवर करून बघितलं, तेव्हा कुठे फळ धरलं, बी मिळालं. बी रुजलं तर रोपाची पानं लांब, अरुंद, तपकिरी, मोठ्या झाडाशी काही मेळच नाही! रोपपण कसं असतं ते कुणी पाहिलंच नव्हतं ना. पुढे बी परत रॉड्रिग्जला गेलं.

म्हणून म्हणतो, पाटी वाचा. आणि पान तोडू नका, खाली पडलेलं बीसुद्धा खिशात घालू नका, तेवढंच एक असू शकतं. मुलं बरोबर असतील तर सगळी बाग पळत संपवू नका, चार झाडं बघा, पण पाटी मुलांना मोठ्यानं वाचू द्या.