सेनेकानं पौलाला पाठवलेलं पुस्तक

श्रोतेहो, नमस्कार. आज १४ पत्रांविषयी बोलायचंय. सगळी लॅटिनमधली, बहुतेक चार-सहा ओळींची. ८ सेनेकाच्या नावानं, ६ पौलाच्या. सेनेका म्हणजे पहिल्या शतकातला, रोमचा स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ, नीरो बादशहाचा गुरू. पौल म्हणजे त्याच काळातला ख्रिस्ती धर्मप्रसारक, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. सेनेका पौलाला कळवतो, तुझं लिखाण मी बादशहाला वाचून दाखवलं. नीरो थक्क झाला. ज्याचं रीतसर शिक्षण नाही, त्याला असे विचार सुचतात कसे? पण सेनेकाला एक रुखरुख आहे. विचार इतके उंच, तर भाषाही तशीच घोटीव हवी. म्हणून पुढच्या एका पत्राबरोबर तो पौलाला पुस्तक धाडतो. कसलं? शब्दसंपत्ती वाढवायचं! डोळ्यांसमोर आणा, श्रोतेहो. पौल आयुष्यभर ग्रीकमध्ये पत्रं लिहीत आला, आणि त्याच्या हाती लॅटिन सुधारण्याचं पुस्तक! ही पत्रं खरी नाहीत, आणि मला वाटतं, ती रचणारा इथंच सापडतो. ही काळजी सेनेकाची नाही, चौथ्या शतकातल्या शिकलेल्या रोमन माणसाची आहे. तेव्हा लॅटिन बायबल अशा लोकांच्या कानाला खडबडीत लागायचं. पुढं मोठा ख्रिस्ती धर्मपंडित झालेल्या खुद्द ऑगस्टीनलाही तरुणपणी ते रोमन वक्ता सिसेरोच्या लेखनापुढे फिकं वाटलं होतं.

तर पत्रं बनावट. पुन्हा सांगतो, १४ही बनावट, चौथ्या शतकात रचलेली. पण ३९२-९३ च्या सुमारास जेरोम या ख्रिस्ती विद्वानानं याच पत्रांमुळे सेनेकाला आपल्या ख्रिस्ती लेखकांच्या यादीत बसवलं, आणि पुढं हजारभर वर्षं लोकांनी ती खरी मानली. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानानं सेनेकाचे ग्रंथ छापताना ठणकावलं की यात ना पौल आहे, ना सेनेका. त्यानं ते शैलीवरून ओळखलं. शैली कानाला कळते, म्हणून पत्र मोठ्यानं वाचावं, असं मी नेहमी म्हणतो. पूर्वी घरात पोस्टकार्ड आलं की एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आजी पुन्हा वाचायला लावायची. तो कान आता गेला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

असो. लोकांना ही पत्रं खरी वाटली, कारण दोघांमधले दुवे खरे होते. सेनेकाचा सख्खा भाऊ गल्लियो ग्रीसमधल्या करिंथमध्ये रोमन सुभेदार असताना पौलाला त्याच्यापुढे उभं केलं होतं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात ते आहे. अथेन्समध्ये पौल स्टोइकांशी बोलला, तेही तिथंच आहे.

आणि दोघांची खरी पत्रं आहेत ना आपल्याकडे! सेनेका आपल्या मित्राला, लुसिलियसला लिहितो की ज्यांना आपण गुलाम म्हणतो तीही माणसंच. पौल फिलेमोन या ख्रिस्ती मित्राला लिहितो की तुझ्याकडून पळून गेलेल्या अनेसिम या दासाला परत घे, दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून. ही दोन पत्रं शेजारी ठेवून वाचा. फिलेमोनाचं तर जेमतेम पानभर आहे. मोठ्यानं वाचा. नमस्कार.