पार्टी आली का?

(दृश्य: सकाळचा सात रस्ता, रिक्षांची गर्दी)

सोलापुरात कुणाचं जास्त दुखायला लागलं की घरचे म्हणतात, सिव्हिलला न्या. रिक्षा करायची, केसपेपर काढायचा, लाईनीत बसायचं. पण दुखणारी बाई जेलात असली तर?

तर आधी जेलच्या डॉक्टरनं लिहून द्यायचं, मग पोलिस मुख्यालयातनं पार्टी यायची, म्हणजे सोबत जाणारे पोलिस, आणि बाईमाणूस आहे म्हणल्यावर त्यात लेडीज कॉन्स्टेबल पायजेच. कोर्टाच्या तारखांनाही हीच माणसं लागतात. त्यात गड्डा यात्रा आली, नाहीतर आषाढीला पंढरपूरचा बंदोबस्त लागला, तर पार्टी आणायची कुठनं? मग अंगावरनं जातंय, ओटीपोटात कळा येताहेत, हे सगळं पुढच्या आठवड्यावर.

आणि अंगावरनं जातंय हे सांगायचं तरी कुणाला? समोर पुरुष डॉक्टर असला की निम्म्या बायका नुसतं डोकं दुखतंय म्हणून गोळी घेऊन परत येत असणार, दुसरं काय करणार. कागदावर तसं सगळं आहे हां. २०१६ च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये, म्हणजे जेल कसं चालवायचं त्याच्या केंद्राच्या नमुना नियमावलीत, महिला डॉक्टर आहे, महिला कैद्यांसाठीच्या २०१० च्या संयुक्त राष्ट्रांच्या बँकॉक नियमांत तर बाईनं बाई डॉक्टर मागितली तर शक्यतो द्यावी असं स्पष्ट लिहिलंय.

(दृश्य: पूर्व भाग, दारात विड्या वळणाऱ्या बायका)

इथं घरोघरी विड्या वळतात. दिवसभर मांडी घालून बसायचं, तंबाखूची धूळ नाकातोंडात, कंबर गेलेली, अंगात रक्त नाही. यातली एखादी आत गेली तर ती दुखणं घेऊनच जाते, जेलात फक्त त्याच्याकडं बघणारं कुणी राहत नाही.

२०२२ च्या शेवटी देशात ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यात बायका पावणेचोवीस हजार, म्हणजे शंभरात चार. फक्त बायकांची अशी जेलं ३४. बाकीच्या बहुतेक जणी पुरुषांच्या जेलातल्या एका कोपऱ्यात. मला तर वाटतं खरी गोम इथंच आहे, चार बायकांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ कोण नेमणार, असा सरळ हिशोब. आणि एकूण कैद्यांत चारातले तीन कच्चे कैदी, गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं एका गरोदर बाईला बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा जामीन दिला. गुन्हा गंभीर असला तरी बाई आहे किंवा आजारी आहे म्हणून कोर्ट जामीन देऊ शकतं, तशी कायद्यात सोय आहे. आपोआप मात्र काही मिळत नाही, अर्ज करावा लागतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जायचं, बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आणि आधीचे केसपेपर, सोनोग्राफीचे रिपोर्ट घरात कुठं पडलेत ते शोधून त्यांची झेरॉक्स अर्जाला लावायची.