शाळेतील समुपदेशक घडतो कसा

श्रोतेहो, नमस्कार.

मानसशास्त्रात एम. ए. करणाऱ्या आमच्या विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी शाळेत जाऊ लागतात, तेव्हा प्रत्येकीच्या हातात आम्ही एक दोनशे पानी वही देतो. मुलाशी झालेले बोलणे, त्याची आणि पालकांची संमती घेऊन व नाव कोठेही न लिहिता, सत्र संपल्याबरोबर आठवेल तितके शब्दशः त्या वहीत उतरवायचे असते. डाव्या पानावर मूल काय म्हणाले ते आणि उजव्या पानावर आपण काय म्हणालो ते. या वह्या तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आले आहे, आणि समुपदेशक वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा या वहीत अधिक घडतो असे माझे मत झाले आहे.

एका वहीतले पहिल्या आठवड्यातले पान मला अजून आठवते. आठवीतली एक मुलगी म्हणाली होती, "मॅडम, शाळा सुटूच नये असं वाटतं." समोरच्या पानावर आमच्या विद्यार्थिनीचे उत्तर होते, "अरे वा, म्हणजे तुला शाळा खूप आवडते!" त्यानंतर डाव्या पानावर फक्त एकेक शब्द होता : हो, नाही, माहीत नाही, हो. पर्यवेक्षणाच्या वेळी मी तिची चूक सांगितली नाही. केवळ डावे पान तिला सलग मोठ्याने वाचायला लावले. दुसऱ्यांदा वाचताना ती थांबली आणि म्हणाली, "तिला घरी जायचं नव्हतं." पुढच्या आठवड्यात तिने त्या मुलीला एकच प्रश्न विचारला, "शाळा सुटल्यावर काय होतं?" त्यावर मुलगी काय बोलली, ते येथे सांगणे उचित नाही. एवढेच सांगते, की त्या दिवशी डावे पान भरून गेले आणि उजवे जवळजवळ कोरे राहिले.

ऐकणे ही शिकण्याची गोष्ट आहे, हे आपल्या समाजाला सहज पटत नाही. घरात मूल रडत आले की आपण त्याची समजूत घालतो, उपदेश करतो किंवा शेजारच्या मुलाचे उदाहरण देतो, आणि यातले काहीच वाईट हेतूने केलेले नसते. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1957 साली बदल घडण्यासाठी आवश्यक अशा ज्या अटी मांडल्या, त्यांतील तदनुभूती (दुसऱ्याचे मन त्याच्या जागी राहून समजून घेणे), विनाअट स्वीकार आणि समुपदेशकाचे आतबाहेर सारखे असणे या तीन आमच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरत्या तोंडपाठ असतात. परंतु समोर बारा वर्षांचा मुलगा मान खाली घालून गप्प बसला, की ती शांतता अर्धा मिनिटसुद्धा सहन होत नाही. शिक्षकी पेशातून आलेल्यांना तर हे अधिकच जड जाते, कारण उत्तर देणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा धर्म असतो. मात्र शाळा आतून कशी चालते, मुख्याध्यापकांशी केव्हा बोलावे आणि केव्हा नाही, हे त्यांना जेवढे कळते तेवढे इतरांना कळत नाही, आणि पुढे त्यांचे काम त्यामुळेच तग धरते.

उपचारपद्धतींपैकी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या, अविवेकी समजुती तपासून बदलायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ पद्धतीशी मराठी माणसाचे विशेष नाते आहे. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि ही पद्धती येथे शिकवली, रुजवली. "गणितात नापास झालो म्हणजे मी कुचकामी आहे," या वाक्याचा पूर्वार्ध वस्तुस्थिती आहे आणि उत्तरार्ध समजूत आहे, हे दहावीच्या मुलाला स्वतःहून दिसेपर्यंत त्याच्याबरोबर थांबणे, हे त्या पद्धतीचे शाळेतले रूप. येथेही उत्तर आपण देऊन टाकले, की काम फसते.

महाराष्ट्रात 2016 साली दहावीच्या विद्यार्थ्यांचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे हे पाहणारी कल चाचणी सुरू झाली आणि घराघरांत हा शब्द पोहोचला. त्याचा लाभ झाला, पण समुपदेशक म्हणजे शाखा निवडून देणारी व्यक्ती, अशी समजूतही त्याबरोबर पक्की झाली. चाचण्या घेणे आणि त्यांचा अर्थ लावणे हा प्रशिक्षणाचा एक भाग आहे. त्याच्याच बरोबरीने अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या विशिष्ट अडचणींची, लक्षणे ओळखणे येते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झालेला आहे. तिचे प्रमाणपत्र देणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, परंतु ज्या मुलाला सगळे आळशी म्हणतात त्याला योग्य तज्ज्ञाकडे वेळेवर पाठवणे हे निश्चितच त्याचे काम आहे.

गोपनीयतेचा पाठ सर्वांत अवघड. नवखा समुपदेशक मुलाला धीर देण्याच्या भरात म्हणून जातो, "तू सांगशील ते मी कुणालाही सांगणार नाही." हे वचन देण्याचा त्याला अधिकारच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. म्हणून पहिल्याच भेटीत, मुलाला कळेल आणि ते घाबरणार नाही अशा शब्दांत मर्यादा सांगावी लागते : "आपलं बोलणं आपल्यातच राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे, किंवा कुणी तुला त्रास देतंय असं मला कळलं, तर मला मदत घ्यावी लागेल, आणि ती घेण्याआधी मी तुला सांगेन." हे वाक्य आम्ही विद्यार्थिनींकडून एकमेकींसमोर बसवून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतो, कारण ते पाठ केल्यासारखे वाटले तर मूल तेथेच बंद होते.

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी मानसशास्त्रातील दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम हा एक मार्ग आहे. शिक्षकांसाठी एनसीईआरटीचा (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा) एक वर्षाचा मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रमही आहे. त्यात सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने अंतर्वासिता (इंटर्नशिप) अशी रचना असते. महाराष्ट्र आणि गोवा एनसीईआरटीच्या भोपाळ येथील प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतात. अमेरिकेत समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था 100 तासांचे प्रात्यक्षिक आणि त्यानंतर 600 तासांची अंतर्वासिता मागते. आपल्याकडे दोन पदव्यांचे नाव सारखे असले, तरी प्रात्यक्षिकाचे तास आणि ते तपासण्याची रीत यांत मोठे अंतर असू शकते. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी अवश्य विचारा : मी प्रत्यक्ष किती मुलांबरोबर बसणार, आणि माझी वही कोण वाचणार? दुसऱ्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर मी तेथे प्रवेश घेण्याचा सल्ला देणार नाही.

हे आज विशेष आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. या निर्देशांमुळे जागा निर्माण होतील. त्या जागांवर बसणाऱ्या व्यक्तीने आयुष्यात एकदा तरी आपले उजवे पान दुसऱ्याला वाचायला दिलेले असावे, अशी माझी तळमळ आहे.

नोकरी लागल्यावरही ती वही बंद होत नाही. आमच्या जुन्या विद्यार्थिनी महिन्यातून एका शनिवारी दुपारी एकत्र जमतात. मुलाचे नाव नाही, शाळेचे नाव नाही. प्रत्येकीने अडलेले एकच पान आणायचे आणि ते आपण न वाचता शेजारच्या मैत्रिणीला वाचायला द्यायचे.

नमस्कार.