खाडी आडवी आली की थांबा

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना लागला की रत्नागिरीच्या आमच्या घरात फोन वाजायला लागतात. कधी पुण्याची मावसबहीण, कधी डोंबिवलीचे भाचे. प्रश्न एकच, 'गाडी काढून यायचं म्हणतोय, किती तास लागतील?' मी विचारते, 'कुठल्या रस्त्यानं येताय?' पलीकडे क्षणभर शांतता. त्यांच्या लेखी कोकणात यायला एकच रस्ता आहे, मुंबई-गोवा महामार्ग. आज मला तुमच्याशी दुसऱ्या रस्त्याविषयी बोलायचं आहे. रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राला धरून जाणारा आपला सागरी मार्ग.

आधी महामार्गाचं थोडं सांगते, म्हणजे दुसऱ्या रस्त्याची गंमत कळेल. महामार्गावरची गावं आठवा. सावित्रीकाठचं महाड, वाशिष्ठीकाठचं चिपळूण, शास्त्रीकाठचं संगमेश्वर, अर्जुनेकाठचं राजापूर, मग खारेपाटण. ही गावं वसली ती खाडीमुळे. पूर्वी गलबतं समुद्रातून खाडीत शिरायची आणि भरतीच्या पाण्यावर जाता येईल तितकी आत जायची. जिथे पाणी उथळ व्हायचं तिथे माल उतरायचा, बैलांच्या पाठीवर चढायचा आणि वरंध, कुंभार्ली, अणुस्कुऱ्यासारख्या घाटांनी देशावर जायचा. जिथे गलबत थांबलं तिथे पेठ वसली. महामार्ग या पेठांना जोडत जातो. म्हणजे तो खाड्यांच्या शेपटीवरून जातो.

सागरी मार्ग जातो त्याच खाड्यांच्या मुखांवरून. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आणि समोर अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, अर्जुना मिळते त्या खाडीच्या मुखाशी जैतापूर आणि नाटे गावचा यशवंतगड, आणि खारेपाटणहून खाली येणाऱ्या पाण्याच्या मुखाशी विजयदुर्ग. प्रत्येक मुखावर किल्ला आहे, कारण आत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर नजर ठेवायची होती. एकदा हे ध्यानात आलं की किल्ले नुसते बघण्यापुरते उरत नाहीत. बाणकोटच्या बुरुजावर उभं राहून खाडी आत कुठवर वळत जाते ते बघा. त्या वळणापलीकडे महाड आहे, त्याच्या वर रायगड आहे.

आता गाडीचं. खाडीच्या मुखाशी पाणी रुंद, म्हणून उत्तरेकडच्या टप्प्यात अजून फेरीबोटीला पर्याय नाही. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून बाणकोटजवळचं वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. दाभोळच्या जेटीवरून समोरचं धोपावे इतकं जवळ दिसतं की पोरंसुद्धा म्हणतात, पोहून जाऊ. पण गाडीनं वळसा घालायचा तर दापोली, खेड, चिपळूण असं शंभराहून जास्त किलोमीटर फिरावं लागतं. फेरीबोटीत पाण्यावरचा वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो, लग्नाला निघालेली माणसं, मासळीची पाटी घेतलेली बाई आणि तुमची गाडी, सगळं एकाच फळीवर. त्या दहा मिनिटांत गाडीत बसून राहू नका. उतरा, कठड्याशी उभे राहा.

जयगडच्या जेटीवर माझी एकदा शेवटची फेरी चुकली. आई बरोबर होती, तिचे गुडघे दुखत होते आणि पलीकडे तवसाळचे दिवे लागलेले दिसत होते. जेटीजवळच्या एका घरातल्या आजींनी हाक मारली, 'वाईच टेका गो, पेज केलीय.' आम्ही रात्र त्यांच्या पडवीत काढली. त्या आजींनीच सांगितलं, त्यांची सून अडली होती तेव्हाही अशीच शेवटची बोट गेलेली होती आणि रात्रीतून तिला केवढा तरी वळसा घालून न्यावं लागलं. म्हणून या खाड्यांवर पूल बांधायची कामं हाती घेतली आहेत त्याचा मला मनापासून आनंद आहे. पूल व्हायलाच हवेत. तोवर तुम्ही या बोटींतून एकदा तरी जाऊन या, एवढंच म्हणते.

या रस्त्यावर घड्याळाइतकीच तिथी महत्त्वाची. आमच्याकडचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची. आज पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे साधारण पावणेचारला पूर्ण भरती, दुपारीही आणि रात्रीही. अष्टमीला सहाला. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला, आणि त्या दिवशी पाणी चढतंही सगळ्यात जास्त. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाण्याचा जोर कमी, तो भांग. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण मुलांना पाण्यात कधी सोडायचं हे ठरवायला हा हिशोब पुरतो. ओहोटी लागली की पाणी माणसाला आत ओढतं, आणि खाडीच्या मुखाशी तर ती ओढ फार वाईट. गावातला माणूस 'आता उतरू नका' म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. दर सुट्टीत कुणाच्या तरी घरी यावरून रडारड होते आणि दर वेळी कुणीतरी सांगितलेलं असतं.

आता माझ्या आवडीचा टप्पा. रत्नागिरीच्या उत्तरेला आरेवारे आणि गणपतीपुळे, ते तुम्ही पाहिलेलं असेल. वाटेत मालगुंडला केशवसुतांच्या जन्मगावी जरूर थांबा. पण एक दिवस राखून ठेवा तो दक्षिणेसाठी. सकाळी सहाला रत्नागिरी सोडा. भाट्याच्या पुलावर काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते, पूल संपतो तिथे सुरूचं बन सुरू होतं. पुढे फणसोप, गोळप, पावस. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी घटकाभर बसावं. मग पूर्णगड, खाली मुचकुंदीची खाडी, पुलापलीकडे गावखडी. इथून रस्त्याची लय कळते. चढ चढून सड्यावर यायचं, वर जांभा दगडाचा उघडा कातळ, झाड नाही, लांबवर निळी रेघ. मग एकदम उतार, वळणं, सावली, माड-पोफळी, देऊळ, खाडी. पुन्हा चढ. कातळ आणि खाडी, कातळ आणि खाडी, असं दिवसभर चालतं.

कशेळीला दोन गोष्टी आहेत. एक कनकादित्याचं देऊळ. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकी, त्यातलं हे एक. गावात सांगतात की सौराष्ट्रातून सूर्यमूर्ती घेऊन निघालेलं एक गलबत कशेळीसमोर अडलं ते हलेचना. नावाड्यांनी मूर्ती कड्याखालच्या घळीत ठेवली तेव्हा गलबत सुटलं. पुढे गावातल्या कनका नावाच्या बाईला दृष्टान्त झाला आणि तिनं देवाला वर आणलं. म्हणून तो कनकादित्य. ती घळ, देवघळी, आजही आहे. तिथल्या कड्यावरून सूर्यास्त बघताना ही कथा आठवली की वाटतं, सूर्याच्या देवाला याहून चांगली जागा कुठे सापडली असती? या देवळाशी जोडलेला शिलाहार राजा भोज याचा शके १११३चा ताम्रपट आहे. आठशेहून जास्त वर्षं या देवाची पूजा चालू आहे.

दुसरी गोष्ट सड्यावरची. कातळात कोरलेला हत्ती, सुमारे १८ मीटर लांबीचा, आणि त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली. अशी कातळशिल्पं उक्षीला आहेत, जांभरूणला आहेत, देवाचे गोठणे आणि बारसूला आहेत. २०२२ साली कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आमच्या लहानपणी गुराखी पोरं या चित्रांच्या रेघांवरून पळायची, त्यांचं मोल कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे जाल तेव्हा रेघांवर पाय देऊ नका, पाणी ओतून फोटो काढू नका. आणि सकाळी आठच्या आत जा. मेच्या उन्हात दहा वाजता तो कातळ तव्यासारखा तापतो, आणि उन्हं तिरपी असतानाच रेघा स्पष्ट दिसतात.

कशेळीपुढे आडिवऱ्याची महाकाली, मग नाटे, जैतापूरचा पूल, आणि वाघोटणची खाडी ओलांडून विजयदुर्ग, देवगड. या टप्प्यात बोलीही बदलत जाते. रस्ता विचारताना हळूहळू 'कुठे'चं 'खय' होतं. मुलांना म्हणावं, कान उघडे ठेवा.

आंब्याविषयी बोलल्याशिवाय मेमधलं बोलणं पुरं कसं होणार? आमच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतला हापूसच त्या नावानं विकता येतो. महामार्गाच्या कडेच्या प्रत्येक पेटीत तोच असतो असं नाही. सागरी मार्गानं गेलात तर वाटेत बागा लागतात, तिथे जाऊन विचारा. बागेत बहुतेक वेळा पहिला भेटतो तो नेपाळहून आलेला राखणदार. सहा-सहा महिने ही माणसं बायकामुलांसह बागेत राहतात, माकडं हाकतात, झाडं राखतात. मालकाचं घर तोच दाखवेल. मालकाकडे आंबा भाताच्या पेंढ्यात अढी घालून ठेवलेला असतो. उघड्या अढीचा वास घेतल्यावर भाव कुणी करत नाही. मे संपता संपता आंबा स्वस्त होतो, मुलांना पोटभर खाऊ घालायचे दिवस ते. त्याच सुमाराला अंगणात रातांबे फोडायचं काम चालू असतं. सालं रातांब्याच्याच रसात भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची. पुटं देणं म्हणतात त्याला. अशी पुटं दिलेली काळीभोर आमसुलं घरातून विकत घ्या.

एका गोष्टीचा मात्र मला संताप येतो. पुळणीवर गाड्या घालतात. ओल्या वाळूवर गाडी पळवायची, व्हिडिओ काढायचे, मग चाक रुततं, भरती लागते आणि गाववाल्यांनी दोर घेऊन धावायचं. वेळास, आंजर्ले, गावखडी या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गावातली माणसं रात्री जागून ती घरटी राखतात, पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. त्या वाळूवर चाक फिरवताना आपण कशावरून जातोय याचा विचार करा. गाडी गावात लावा, किनारा चालण्यासाठी आहे.

बाकी तयारीचं थोडक्यात सांगते. रत्नागिरी, देवगड, मालवण अशा मोठ्या गावांत टाकी भरून घ्या, मधे पंप विरळ आहेत. तासाला तीस-पस्तीस किलोमीटरचा हिशोब धरा, रस्ता एकपदरी आहे, वळणावर हॉर्न द्या, समोरून चिऱ्यांचा ट्रक किंवा एसटी आली तर तुम्हीच कडेला घ्या. बोटीच्या शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. मेच्या अखेरीला समुद्र बदलतो, किल्ल्यांवर जाणाऱ्या होड्या बंद व्हायला लागतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. म्हणून ताजी मासळी आणि सिंधुदुर्ग किल्ला दोन्ही हवं असेल तर विसाव्या तारखेच्या आत या.

देवगडच्या पुढे कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला. तिथल्या एकेका गावाचं वेगळं भाषण होईल. शिरोड्याला मिठागरं बघा, १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच शिरोडे. मग रेडीचा गणपती. त्याच्याही पुढे थोडं गेलात की महाराष्ट्र संपतो आणि तेरेखोलची नदी येते. तिथेही फेरीबोटच आहे, पलीकडे गोव्यातलं केरी. इंजिन बंद करा, खाली उतरा, आणि बोट या तीराला लागेपर्यंत पाणी चढतंय की उतरतंय ते मुलांना ओळखायला सांगा.

नमस्कार.