कोपऱ्यातला वजीर

(पडद्यावर: लाकडी पट, वरून घेतलेला. एका मुलीचा हात.)

घोडा एफ-३. पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी एक ते आठ; म्हणजे एफ पट्टीतलं तिसरं घर. मग जी-पट्टीतलं प्यादं एकच घर पुढे, त्याने मोकळ्या केलेल्या घरात उंट, आणि कॅसलिंग, म्हणजे एकाच चालीत राजा दोन घरं बाजूला आणि हत्ती त्याच्या पलीकडून शेजारी. चार चाली झाल्या, पांढरा राजा घरात जाऊन बसला. पटाच्या मध्यावर पांढऱ्याचं एकही प्यादं नाही, आणि काळ्याला अजून पत्ता नाही की ही मुलगी नेमकं काय खेळणार आहे.

(माडीवरचा वर्ग. खिडकीतून ऊन. मुलं पट मांडताहेत.)

सांगली. बुद्धिबळ या गावाला नवं नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथेच मुलांना पटावर बसवलं, बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच. रविवारी सकाळी या माडीवर सतरंज्या पडतात. बहुतेक ठिकाणी पहिल्या महिन्यातच चार चालींतली मात शिकवतात. मूल घरी जाऊन काकाला हरवतं आणि सगळे खूश होतात. इथले सर ती मात कशी अडवायची तेवढं दाखवतात आणि पुढे सरकतात. त्यांना मुलांच्या हातात फास द्यायचा नाही, डोक्यात बेत रुजवायचा आहे.

(जवळून: जी-२ वरचा उंट. मुलीचं बोट तिरपं सरकतं.)

"उंट कुठं बघतोय गं?" सर विचारतात. बोट जी-२ वरून निघतं आणि एफ-३ वरच थांबतं. तिथे आपलाच घोडा आडवा आहे. "मग घोडा हलला तर?" आता बोट ई-४, डी-५ ओलांडून थेट पलीकडच्या कोपऱ्यात, ए-८ वरच्या हत्तीपाशी जातं. पोरीच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते आम्ही कापलं नाही, पूर्ण ठेवलंय.

(जुनं छायाचित्र: रिचर्ड रेटी.)

डावाची ही सुरुवात रेटीच्या नावाने ओळखली जाते. रिचर्ड रेटी, जन्म १८८९, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतला. त्या काळी शिकवण अशी की प्याद्यांनी मध्य बळकवा. रेटी आणि त्याच्या पिढीचं म्हणणं वेगळं होतं: मध्यात आधी समोरच्याला जाऊ द्या, आपण लांबून नेम धरा. त्याने रोवलेलं प्यादं हेच आपलं लक्ष्य. १९२४च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या अलामॅक हॉटेलातल्या स्पर्धेत त्याने घोडा एफ-३नेच सुरुवात करून जगज्जेत्या कॅपाब्लांकाला ३१ चालींत हरवलं. कॅपाब्लांका त्याआधी आठ वर्षं एकही डाव हरला नव्हता. पुढे पाचच वर्षांत, चाळिशीत, रेटी गेला.

(भिंतीवरचा मोठा पट. सर सोंगट्या हलवतात.)

त्याच स्पर्धेतला, रेटीचा येट्स या खेळाडूविरुद्धचा डाव सरांना जास्त आवडतो. डी-५ वर काळं प्यादं आहे. पांढरा सी-४ खेळून त्याला डिवचतो. सुरुवातीलाच काळ्याने सी-४चं प्यादं खाल्लं तर वजीर ए-४ वर येतो, शह, आणि प्यादं वसूल. खाण्याऐवजी ते डी-४ वर पुढे गेलं तर आपण ई-३ आणि बी-४ करून त्याच्या पायाखालची जमीन काढायची. येट्सने दोन्ही केलं नाही, त्याने डी-५ धरून ठेवलं. मग दुसरा उंट बी-२ वर आला. हत्ती सी-१ वरून सी-२. आणि आता बघा, वजीर डी-१ वरून सरळ ए-१ वर.

"सर, वजीर कोपऱ्यात?"

हो, कोपऱ्यात. उंटाच्या पाठीशी. दोघांची नजर एकाच तिरप्या रेषेवर, ई-५ वरच्या काळ्या प्याद्यावर.

(जवळून: वहीचं पान, शिसपेन्सिलीने काढलेल्या फांद्या.)

ही तिची वही. पहिल्या चार चाली खोडासारख्या, पुढे फांद्या. प्रत्येक फांदी म्हणजे एक नाव असलेली मांडणी. सी-४ आणि बी-३ केलं की रेटी. डी-३ करून, घोडा डी-२ वर आणून ई-४ ढकललं की किंग्ज इंडियन अटॅक. १९६७ साली ट्युनिशियातल्या सूसमध्ये अमेरिकेचा बॉबी फिशर मंगोलियाच्या म्याग्मारसुरेनविरुद्ध याच मांडणीने जिंकला. सी-४ बरोबर डी-४ केलं तर कॅटलान. कुठल्या फांदीवर जायचं ते काळ्याच्या चाली बघून ठरवायचं, म्हणून प्रत्येक फांदीखाली तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलंय, आपल्याला काय हवंय. चाली विसरल्या तरी ते आठवतं.

गेल्या स्पर्धेत तिला पदक मिळालं नाही, आणि दोन मुलांच्या पालकांनी क्लास बदलला.

(दुपार. समोरासमोर दोघं. घड्याळ.)

समोरचा मुलगा वयाने मोठा आहे. त्याने डी-५ खेळलं, मग ई-५, मध्य भरून टाकला. ती घाईत नाही. बी-३, उंट बी-२. घोडा डी-२. हत्ती सी-१, चार चालींनी सी-२. घड्याळात तिचा वेळ त्याच्यापेक्षा कमी उरलाय. ती वजीर उचलते, मोकळ्या पहिल्या ओळीवरून सरकवत नेते आणि ए-१ वर ठेवते. घड्याळ दाबते. स्कोअरशीटवर लिहिते.

मुलगा हसतो. मग ई-५कडे बघतो. मग पुन्हा ई-५कडे.

(निवेदन इथे थांबतं. फक्त वर्गातला आवाज.)